बाळाचे कान टोचू नको

नागपूर, रविवार, १९५५

प्रिय चंद्रकला,

बुधवारी सोनार बोलावला म्हणतेस, बाळाचे कान टोचायले. टोचू देऊ नको वं! सुतक आहे म्हण, काहीही म्हण, पण सुई त्या लेकराच्या कानाले लागू देऊ नको. रांगताना गुडघ्यावर निळे डाग पडतात, दृष्ट लागली असेल, असं तू लिहिलं. ते ऐकलं अन् मले आपला गिरिधर आठवला.

तुझा भाऊ गिरिधर तापानं गेला असं आम्ही साऱ्यांले सांगतलं, तुलेही. खोटं होतं ते. तू तेव्हा कुहीले मावशीकडे होती. तो आपल्या विणायच्या मागाच्या खड्ड्यात उतरताना तोंडावर पडला, दात हलला, अन् रक्त वाहाले लागलं. हळद दाबली, चुना लावला, तीन दिवस थांबलंच नाही. माझा सख्खा भाऊ ईश्वरदास कान टोचल्यावर असाच गेला होता. मले माहीत होतं, चंद्रा. तरी तुझ्या सोयरिकीच्या वेळी मी तोंड शिवून बसली. खाप्याचं तुझं चांगलं सासर हातचं जाईल, ही भीती.

काल मोठ्या दवाखान्यात जाऊन आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे आईकडून मुलाले येते. आई धडधाकट राहते, पोराचं रक्त गोठत नाही. सगळ्याच पोरांले होते असं नाही, पण डाग आहेत तर लवकर दाखवा. म्हणजे मीच दिलं वं, गिरिधरले, अन् तुझ्या हातून बाळाले! देवीले नवस करत फिरली मी, अन् रोग माझ्याच अंगात. यात तुमचा दोष नाही, म्हणे. रोगाचा नसेल, लपवण्याचा कोणाचा?

अन् सुतकानं तरी किती दिवस भागेल? पुढच्या महिन्यात सोनार पुन्हा येईल. म्हणून हे पत्र सासूले पूर्ण वाचून दाखव, अन् बाळाले घेऊन इकडे ये. शेजारचे जागेश्वरभाऊ उद्या खाप्याच्या बाजाराले जाऊन राहिले, त्यांच्या हाती पाठवते. आपल्या शामलाची तुझ्या दिराशी ठरलेली सोयरीक मोडेल, मले ठाऊक आहे. त्याच भीतीनं तुझं कार्ड चार दिवस उशीखाली दाबून ठेवलं मी. मले लिहिता येत नाही, अक्षर तू ओळखलंच असशील. आज शामलानंच कागद घेतला अन् म्हणाली, आई, तू सांग, मी लिहिते.

तुझीच,
आई