खुंटावरचं दुसरं बोट

प्रिय सिल्वेस्तर, दादाचा आशीर्वाद.

आज नव्या रानाची वाटणी झाली. बोने आजोबांनी मधोमध खुंट रोवला आणि त्याच्या माथ्यावर एकेका घराचं बोट टेकवलं. तिथं बोटाएवढी असलेली पट्टी रानाच्या कडेला पोचेपर्यंत अख्खं शेत होते, हे तू विसरला नसशील.

माझं बोट झालं. आजोबांनी आणखी एक टेकवलं नि विचारलं, "हे कोणाचं?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मागे बायका कुजबुजल्या, "बघ गं, रोफिनुसला आता दुसरा अंगठा फुटेल." माझे कान कसे लाल होतात, तुला ठाऊकच आहे.

मागच्या वाटणीच्या वेळी तू मकास्सरच्या गोदीवर होतास. तेव्हा मीच म्हणालो होतो, "सिल परत येत नाही, त्याचं मला द्या." गाव तुला विसरलं असं तू समजलास आणि मी समजू दिलं. त्याच पट्टीच्या कॉफीवर माझा ट्रक आला.

आज म्हणालो, "सिलचं."

"मोठ्यानं बोल, मला ऐकू येत नाही," म्हातारा म्हणाला. त्याला सगळं ऐकू येतं. मी दोनदा ओरडलो.

ही चिठ्ठी ट्रकबरोबर धाडणार होतो, पण तुझी वहिनी आधीच फोन घेऊन रेंजच्या खडकावर चढली. "भावोजी, सामान बांधा," ती ओरडली, आणि स्पीकरवरचं तुझं खिंकाळत हसणं मला खाली अंगणात ऐकू आलं.

मागच्या वाटणीचं नि ट्रकाचं मात्र तिनं सांगितलं नाही. ते मी खुंटापाशी उभा राहून, सगळ्यांदेखत सांगेन. तोवर चिठ्ठी खिशातच राहील.

एकाच बोटाचा धनी,
तुझा दादा रोफिनुस