अर्ध्या टोलचा मानकरी

२ सप्टेंबर
लग्नानंतरच्या पहिल्याच प्रवासात फुमिए म्हणाली होती, "तुम्ही चालवत असलात की मला निवांत झोप लागते." माझ्या ड्रायव्हिंगला याहून मोठं सर्टिफिकेट नको.
आज खाडीपुलाच्या कंपनीचं पत्रक आलं. पंच्याहत्तरीपुढच्या चालकांना अर्धा टोल. कुणाची दया नकोय मला. पत्रक कचऱ्यात.

३ सप्टेंबर, सकाळी ६
पत्रक कचऱ्यातून काढलं. दया नव्हे, हक्क आहे. चाळीस वर्षं व्हॅनमधून तोफूच्या बादल्या नेल्या, पाण्याचा थेंब सांडला नाही. तेवीसला पितरांचा दिवस, पुलापलीकडे फुमिएच्या थडग्यावर जायचंय. मीच चालवणार.

७ सप्टेंबर
अर्ज दिला. काउंटरवरची पोरगी म्हणाली, "आजोबा, गाडीला पुढे-मागे चार पानांचं स्टिकर लावावं लागेल." म्हाताऱ्या चालकाची खूण! मी काय पिकलं पान आहे? आणि आजोबा कुणाला म्हणते?
स्टिकरं आणली. डिकीच्या झाकणाला लावली. आतून.

१४ सप्टेंबर
कार्ड यायचंय, पण तोवर पावती चालते. तालीम म्हणून पुलावर गेलो. टोलची खिडकी फारच लांब बांधलीय. हात पोचेना, म्हणून उतरलो. गाडी माझ्याशिवाय पुढे गेली. आडवा दांडा मोडला. हल्ली दांडे तकलादूच असतात. मागचा ट्रकवाला ओरडला, "काका, उतरताना गाडीला तरी सांगत जा!" उद्धट.

१५ सप्टेंबर
मुलगी आली, चिझुरू. किल्ली उचलून सरळ पर्समध्ये टाकली. तिला आईचं वाक्य ऐकवलं. म्हणाली, "बाबा, आई झोपायची नाही हो. डोळे घट्ट मिटून पूल संपायची वाट बघायची. मी मागे बसायचे, मला दिसायचं ना. झोपलेलं माणूस दाराचं हँडल असं आवळून धरतं का?"
चिझुरूची स्मरणशक्ती पहिल्यापासून कच्ची.

१९ सप्टेंबर
सवलतीचं कार्ड आलं. फोटो झकास.
फुमिएच्या बाजूचं हँडल पाहिलं. फारच सैल झालंय. तेवीस वर्षांची गाडी, व्हायचंच.

२२ सप्टेंबर
फुमिएच्या आवडीची ओहागी आणली, गोड डाळीत घोळवलेले भाताचे गोळे. चिझुरू म्हणते, उद्या बसने जाऊ. स्टिकरं सोलून बाहेर लावली. पुढे आणि मागे.
आता तिला फोन करतो. नाहीच म्हणणार, माहीत आहे. तरी विचारणार: उद्या फक्त पुलापुरती किल्ली देशील? तू शेजारी बस. आईसारखे डोळे मिटून.