आरपार प्रीमियम बर्फ

३ एप्रिल, गुरुवार

आज एका अन्यायाची नोंद करणं भाग आहे. हॉटेलात लिंबूसोडा मागवला. ग्लासात बर्फ आला तो पांढरा. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखा. आत बुडबुडे, मधोमध भेग. वेटरला विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, बर्फ. माणूस चंद्रावर जाऊन आला, पण पलीकडचं दिसेल असा बर्फ सामान्य नागरिकाला मिळत नाही, आणि याबद्दल कुणी मोर्चाही काढत नाही.

समोर साडू बसले होते. म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. त्यांनी तोच बर्फ कडाकडा चावून खाल्ला आणि नेहमीचा विषय काढला. त्यांच्या टाइल्सच्या शोरूममध्ये एक खुर्ची रिकामी आहे. महिनाअखेरपर्यंत माझ्यासाठी थांबणार, मग दुसरा माणूस घेणार. कंपनीने मला मोकळं केल्याचा उल्लेख त्यांनी केला नाही. फक्त सोड्याचं बिल माझ्या हातातून काढून घेतलं.

माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान माणसाच्या हाताखाली बसून लोकांना बाथरूमच्या फरश्या दाखवायच्या? मेलो तरी नाही.

४ एप्रिल

सापडलं. मोठमोठ्या बारमध्ये आणि पार्ट्यांमध्ये काचेसारखा स्वच्छ बर्फ विकत घेतात. एका ग्लासात एकच मोठा ठोकळा. आपल्या गावात हे कोणीच करत नाही. कच्चा माल नळाला येतो. अशा धंद्यात तोटा होणं शास्त्रीयदृष्ट्या अशक्य आहे.

नाव ठरलं: आरपार. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आधी जेवून घ्या.

उद्यापासून पहाटे पाचला उठणे.

७ एप्रिल, सोमवार

(साडेआठला उठलो. उद्योजकाला झोप लागतेच, डोकं चालत असतं.)

डीप फ्रीझर आणला. बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या दुकानातला. बायको म्हणाली, बंद पडलेल्या? मी म्हटलं, अनुभवी. कंपनीने निरोपाला जे दिलं त्यातलं बरंचसं त्यात गेलं. हॉलमध्ये ठेवला, सोफा गॅलरीत गेला. फ्रीझर सुरू झाला की टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो. लेक म्हणाली, बाबा, विमानतळाजवळ राहिल्यासारखं वाटतंय. कॉलेजात जाणाऱ्या मुलांना धंद्यातलं काय कळणार.

९ एप्रिल

इंटरनेटवर एकाने सविस्तर लिहिलंय. शास्त्र सोपं आहे. पाणी सगळ्या बाजूंनी गोठलं की बुडबुडे आणि गाळ मध्ये कोंडतात, म्हणून बर्फ पांढरा. आपण पाणी थर्माकोलच्या जाड पेटीत भरायचं, वरून उघडं ठेवायचं. मग ते फक्त वरून खाली गोठत जातं आणि सगळी घाण तळाला ढकलली जाते. तळाचं चतुर्थांश पाणी गोठायच्या आत पेटी बाहेर काढायची, ते पाणी फेकून द्यायचं. वरची लादी काचेसारखी.

फेकून द्यायचं, हा भाग मला पटलेला नाही.

१२ एप्रिल, शनिवार

चतुर्थांश माल फेकणं आमच्या रक्तात नाही. आमच्याकडे टूथपेस्टची ट्यूब कापून आतली पेस्ट काढतात. म्हणून सगळंच पाणी गोठू दिलं. लादीला वरपासून खालपर्यंत तडा गेला. बायको म्हणाली, त्या लिहिणाऱ्यानं उगाच लिहिलं असेल का? मी म्हटलं, प्रयोग यशस्वी झाला, निष्कर्ष वेगळा निघाला.

१४ एप्रिल

फेकलं. म्हणजे बादलीत काढलं आणि झाडांना घातलं. पण लादी! करवतीने ठोकळे कापले, एक ठोकळा वर्तमानपत्रावर ठेवला. त्यातून 'पाहिजेत'च्या जाहिराती वाचल्या. सगळीकडे तिशीच्या आतले पाहिजेत. अक्षर न् अक्षर स्पष्ट दिसलं.

१७ एप्रिल

या आठवड्यात सात बारच्या मागच्या दाराशी उभा राहिलो. मागच्या दाराशी कचऱ्याचे डबे असतात आणि माझ्यासारखे लोक. चौघांनी समजलं की मी सरकारी तपासणीला आलोय. दोघांनी फुकटचे ठोकळे ठेवून घेतले आणि दार लावलं.

सातव्याचा मॅनेजर मात्र दर्दी निघाला. त्याने ठोकळा थोडा वेळ बाहेर ठेवला, वरचा धूसरपणा जाऊ दिला, ग्लासात सोडला, पेय ओतलं. ठोकळा दिसेनासा झाला. त्याने ग्लास उजेडात धरून फिरवला. मग म्हणाला, पुढल्या आठवड्यात शनिवारी बारच्या वाढदिवसाची पार्टी आहे, शंभर ठोकळे द्या, लोकांना आवडले तर रोज लागतील.

साडूंना फोन करून कळवलं की खुर्ची कुणालाही द्या. ते म्हणाले, दादा, महिनाअखेरपर्यंत आहे हो. काही माणसांना दुसऱ्याची भरभराट ऐकू येत नाही.

१९ एप्रिल

व्यवस्थापनाचा प्रश्न. पेट्या मांडल्यावरही फ्रीझरचा एक कोपरा रिकामा राहतो. विजेचं मीटर मात्र रिकाम्या कोपऱ्याचंही फिरतं. हे बघवेना. बाजारात लसूण मातीमोल भावाने मिळत होता, पोतं घेतलं. सगळ्यांनी बसून सोलला, पिशव्या भरल्या, कोपरा सार्थकी लागला. आता वर्षभर लसणाची चिंता नाही. धंदा आणि संसार एकाच यंत्रावर, याला म्हणतात दूरदृष्टी.

२२ एप्रिल, मंगळवार

सर्दी. दिवसभर बर्फात हात, होणारच. नाक चोंदलं आहे, पण नाकाने बर्फ बनत नाही. पन्नास ठोकळे तयार.

२४ एप्रिल

लेक म्हणाली की हॉलमध्ये वास येतो. मी म्हटलं, मला नाही येत. ती म्हणाली, बाबा, तुम्हाला कॉफीचाही येत नाहीये. एक ठोकळा चाखून बघते म्हणाली. हातावर चापटी मारली. मोजून शंभर करायचे आहेत. शिवाय बर्फाला चव नसते, हे शाळेत शिकवतात.

बायको म्हणाली, ते लसणाचं जरा बघा हं. बघितलं. व्यवस्थित आहे.

२६ एप्रिल, शनिवार, सकाळ

शंभर ठोकळे. एकातही बुडबुडा नाही. बायकोने ओला टॉवेल गुंडाळून पेट्या बांधून दिल्या. रिक्षात बसताना ती म्हणाली, "होऊ दे हो एकदाचं." बऱ्याच दिवसांत ती असं बोलली नव्हती. रुमाल काढावा लागला. सर्दीने.

त्याच दिवशी, संध्याकाळ

मॅनेजरचा फोन. आधी वाटलं अभिनंदनाचा. म्हणाला, "सर, तुमचा बर्फ दिसायला हिरा आहे. पण पाहुणे विचारतायत, फोडणी कुठे चाललीय?"

पेट्या वरून उघड्या. उघड्याच ठेवायच्या असतात, तेच तर शास्त्र आहे. आठवडाभर शेजारी सोललेला लसूण. आजूबाजूचा वास पाणी निमूटपणे पीत बसलं, आणि ठोकळ्यात ते दिसत नाही, कारण ठोकळ्यात काहीच दिसत नाही. वितळल्यावर सांगतं.

त्यांनी कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडून पांढरा बर्फ मागवला. पार्टी झक्क चालली आहे म्हणे.

२७ एप्रिल, रविवार

उरलेल्या पेट्या परत आणल्या. यातून मार्ग आहे. खारट, चटपटीत पेयं करणाऱ्या बारना हाच बर्फ खास म्हणून विकता येईल. लसूण-युक्त. आरोग्यदायी. आणखी तीन बार गाठायचे.

जिना चढताना पेटी निसटली, पायावर पडली. पाय पावासारखा फुगला. बायको म्हणाली, बर्फ लावू या, आणि फ्रीझरकडे वळली. मी ओरडलो, "माझ्या मालाला हात लावू नकोस." ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही, रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. मग वरच्या मजल्यावर गेली आणि तिथल्या काकूंकडून बर्फाचा ट्रे मागून आणला. फडक्यात बांधून माझ्या पायाला धरून बसली. मी गॅलरीत सोफ्यावर, ती खाली जमिनीवर. आत फ्रीझर घोंघावत होता.

तिने विचारलं, "तुम्हाला खरंच वाटतंय, हे चालेल?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. सर्दी असेल.

३० एप्रिल, बुधवार

सकाळी मीच साडूंना फोन केला. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं, त्यातलं काही बोलावं लागलं नाही. ते म्हणाले, "दादा, शुक्रवारपासून या. चहा लवकर येतो आपल्याकडे."

फ्रीझर घेऊन जायला एकजण उद्या येतोय. मासळीवाला आहे. वासाचं त्याला काही नाही म्हणाला.

२ मे, शुक्रवार

खुर्ची बरी आहे. फिरते. लोक फरशीवर बोट फिरवून विचारतात, घसरत नाही ना? मी सांगतो, नाही. बहुतेकांना खरं वाटतं.

घरी आल्यावर काकूंचा ट्रे विसळला. पाणी भरून आमच्या साध्या फ्रीजमध्ये ठेवला. जेवणं झाल्यावर लंगडत वर नेऊन दिला. काकू म्हणाल्या, अहो, बर्फ कुणी परत करतं का? मी म्हटलं, असू दे, तुम्हाला लागेल. त्यांनी घेतला. पायाचं विचारलं. बराय म्हटलं आणि खाली आलो.