तुझ्या पुस्तकावर शिकलेली अक्षरं

बाई शिवकन्ये,

त्या सकाळी मी शेळ्यांखालचं झाडत होते आणि तू करडू मांडीवर घेऊन धडा वाचत होतीस. एकाच ओळीत पाचदा अडलीस. "तुझ्याच पहिलीच्या पुस्तकावरून मी वाचायला शिकले. तू चौथीत गेलीस, तुला काहून येईना?" असं म्हणत मी हातातल्या खराट्यानंच मारलं.

"आई, मला खरंच येत न्हाई," एवढंच तू म्हणालीस.

मग तू बोलणं सोडलंस. अंथरूण ओलं होऊ लागलं, तू स्वतःचेच केस उपटू लागलीस. मी त्यालाही सोंग म्हटलं आणि तुला वसमतला मामाकडे धाडलं.

काल अंगदमामाचा फोन आला. "अक्का, डॉक्टरीनबाई म्हणल्या, पोरगी हुशार हाय. वाचायचीच तकलीफ हाय, जन्मापासूनची. आळस न्हाई. येगळ्या रीतीनं शिकवलं तर येईल. पण ती लई भ्याली हाय."

"कुणाला?" मी विचारलं.

"तुलाच, अक्का," अंगद म्हणाला.

तोंडानं बोलायची हिंमत नव्हती म्हणून लिहायला बसले. इथवर आल्यावर ध्यानात आलं, की ही चिठ्ठी तुला मामाच वाचून दाखवील. तू खरं बोलत होतीस, हे तुला दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको. म्हणून लिहिणं थांबवलं.

पुढचं हे नंतर लिहितेय, तू स्वतः वाचशील त्या दिवसासाठी. दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं वसमतला आले. तुझ्या केसांवरून फिरवायला हात उचलला, तशी तू डोळे गच्च मिटलेस. मी हात खाली घेतला, तुझ्यापुढे जमिनीवर बसले आणि सगळं तोंडानं सांगितलं.

तुझी,
आई