फोन आधी कोण ठेवतं

२ जुलै
आले एकदाची! वर्षभराची इंटर्नशिप, तीही पगारी, आणि बसायला खिडकीजवळची जागा. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, खिडकी मिळाली म्हणजे कामाचं वाटोळंच.

ऑफिस वरच्या मजल्यावर आहे. गालिचा इतका मऊ की मागे माणूस येऊन उभा राहिला तरी कळत नाही. आमच्या टीमच्या प्रमुख बाईंना सगळे नुसतं ताई म्हणतात. मी कुडकुडतेय हे पाहून त्यांनी स्वतःचा स्वेटर काढून दिला, आणि वर्षभर परत मागणार नाही म्हणाल्या. शेजारी बसतो त्याचं नाव मी चष्मिस ठेवलंय. गेल्या वर्षी तोही इंटर्न होता, मग इथेच चिकटला. दाढीवाला, गुबगुबीत, शब्द मोजून मापून, तेही कुजबुजत बोलणारा.

९ जुलै
काम भारी आहे. मुलं कामात असली की त्यांच्या आवाजात आमचं मशीन त्यांच्या आईवडिलांना फोन करतं. विचारपूस, थट्टामस्करी, औषधांची आठवण, सगळं. मी त्या फोनची रेकॉर्डिंग ऐकायची. म्हातारं माणूस जिथे अडखळेल, गप्प होईल, आज वेगळीच बोलतेस म्हणेल, तिथे लाल खूण करायची. पुढच्या फोनपर्यंत मशीन ती जागा सुधारतं.

आईवडिलांना हे ठाऊक असतं का, असं मी विचारलं. बहुतेक मुलं सांगतात, असं म्हणत ताईंनी बिस्किटांचा डबा पुढे सरकवला.

काल काचेच्या खोलीत बसवून माझ्याकडून पानंच्या पानं वाचून घेतली. हसत, रुसून, झोपाळलेल्या आवाजात. सराव म्हणून. नाटकात काम केल्यासारखं वाटलं, मजा आली.

२३ जुलै
ताईंनी सगळ्यांसमोर तोंडभरून कौतुक केलं. माझा कान तिखट आहे म्हणे. एक आजी आहेत, आपल्या मुलाला ‘माझं कोकरू’ म्हणतात. तो रागावलाच नाही तर त्या लगेच बुचकळ्यात पडतात. मी खूण केली. आता मशीन मधूनमधून त्यांच्यावर खेकसतं आणि आजी खूश असतात. घरोघरी मुलांची काय तऱ्हा असेल ती असो!

१९ ऑगस्ट
आज जेवताना ताईंना आमच्या घरची गोष्ट सांगितली. आई गेली त्या दिवशी बाबा दुकानात होते. गिऱ्हाईक आलं म्हणून त्यांनी आईचा फोन मध्येच ठेवला. त्यानंतर ती कुणाशी बोललीच नाही. तेव्हापासून बाबा कधीच फोन आधी ठेवत नाहीत. ठेव आता, म्हणतात आणि थांबून राहतात. मग मी नखाने फोनवर दोनदा टकटक करते आणि ठेवते. म्हणजे फोन तुटला नाही, मीच ठेवला, हे त्यांना कळतं. घड्याळजी माणूस. डोळे आता जवळजवळ गेलेत, सगळी भिस्त कानावर. मला टिकटिक म्हणतात, कारण मी थांबतच नाही.

ताईंचे डोळे भरून आले. इतक्या लांब कुणी घरचं भेटलं असं वाटलं मला.

३० ऑक्टोबर
कामाच्या रगाड्यात कितीतरी दिवस घरी फोन नाही. मनाला खात होतं. आज केला तर बाबा हसून म्हणाले, पुन्हा का गं, काल तर तासभर बोललो.

काल मी फोन केला नव्हता.

बाबांना विसर पडायला लागलाय. बाथरूममध्ये जाऊन रडले. ताईंनी पाठीवरून हात फिरवला. म्हातारी माणसं चूक दाखवली की खचतात, तेव्हा हो ला हो म्हणत जा, असं समजावलं.

मी तसंच करते आता. हो बाबा, काल बोललो. हो बाबा, परवाही.

१४ नोव्हेंबर
चष्मिस आजारी आहे म्हणून त्याच्या वाटणीची जुनी-नवी सगळी रेकॉर्डिंग माझ्याकडे आली. पहिलंच लावलं. मागे भिंतीवरच्या घड्याळांचा आवाज. एकही दुसऱ्याशी जुळत नाही.

आमच्या घरची घड्याळं.

मग बाबांचा आवाज. मग माझा. माझा! मी न बोललेली वाक्यं, माझ्या हसण्यासकट. शेवटी बाबा ठेव आता म्हणाले आणि फोन नुसताच बंद व्हायच्या बेतात होता, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, तू टिकटिकच ना?

तिथे लाल खूण होती. तारीख ऑगस्टमधली, मी ताईंना गोष्ट सांगितली त्याच्या आधीची.

गोष्ट सांगितल्यानंतरच्या प्रत्येक फोनच्या शेवटी टकटक आहे. दोनदा. नखाने.

बाबा काहीच विसरले नव्हते.

१५ नोव्हेंबर
चष्मिसला जाब विचारला. तो जराही चपापला नाही. म्हणाला, कोकरूवाली माझी आई. (इथे तो कुजबुजतो, म्हणून तो खेकसणारा आवाज मला ओळखूच आला नव्हता.) तिच्या खुणा तू केल्यास, तुझ्या घरच्या मी. इथे असंच वाटून देतात, आपलं घर आपल्याला देत नाहीत. मी म्हटलं, मग आधीच का नाही बोललास? तर म्हणे, माझी आई आता समाधानी आहे. मी तिच्याशी नुसता भांडायचो.

तो वर्षभरात घरी गेलेला नाही.

ताईंना सांगितलं, हे आजच्या आज बंद करा, नाहीतर मी बाबांना सगळं सांगते. त्या शांतपणे म्हणाल्या की शिकवलंस तर तूच, आम्ही काही चोरून घेतलेलं नाही. तू गेलीस तरी फोन चालू राहतील, निर्धास्त राहा. आणि बाबांच्या मनात शंका राहू नये याची मी आजच काळजी घेते.

त्यांचाच स्वेटर माझ्या अंगात होता. केसाने गळा कापला माझा. आणि मी त्यांना घरचं समजत होते!

१५ नोव्हेंबर, संध्याकाळ
बाबांना फोन केला. सगळं सांगितलं. रडत सांगितलं, तिथेच चुकले असेन.

 मग ते म्हणाले, मुलीने दुपारीच सांगून ठेवलंय. तिच्या आवाजात कुणीतरी रडत फोन करेल, खरी मुलगीच खोटी आहे असं म्हणेल, ऐकू नका.

मी टकटक केलं. पुन्हा केलं. तेही करेल, असं ती म्हणाली होती, त्यांनी सांगितलं. पोरी, तू कुणी का असेना, मला फसवू नकोस, म्हणाले.

आणि फोन ठेवला.

बाबांनी. आधी.

१६ नोव्हेंबर
कार्ड, फोन, स्वेटर, सगळं टेबलावर टाकून निघाले. चष्मिसने मान वर केली नाही. त्याच्या कानात कुणीतरी बोलत होतं. गाडीत बसून लिहितेय. समोर गेले की झालं. अंगाचा वास, हाताची बोटं, हे काही त्यांना शिकवलेलं नाही मी —
नाही ना? काचेच्या खोलीत काय काय विचारलं होतं —

१७ नोव्हेंबर
घराच्या जिन्यावर. शेजारच्यांच्या दाराला कुलूप. दुसरं काही सुचत नाही म्हणून लिहितेय, हात तरी हलता राहतो.

दार वाजवलं. बाबा आले दारापाशी. पावलं ओळखते मी. पण हातात फोन असावा, मोठ्या आवाजावर. मी म्हटलं, बाबा, मी आलेय, हात बाहेर काढा, नुसता हात लावून बघा —

आतून मीच बोलले. लाडात. बाबा, उघडू नका हं. ते आता माणसंही पाठवतात.

बाबा फोनला म्हणाले, पण आवाज अगदी तुझ्यासारखा आहे गं —

 ती थांबली. मला माहीत आहे असं कधी थांबायचं. मग टकटक. दोनदा.

बाबा हसले. सुटल्यासारखे. कितीतरी दिवसांनी ऐकतेय त्यांचं हसणं, आणि ते माझ्यासाठी —

बाबा, मी इथे आहे. दाराच्या या बाजूला. बाबा —

कडीचा आवाज. काढतायत. काढतायत ना? नाही, खालची तर आधीच लावलेली — ही वरची आहे, आतून लावतायत