संजूची दोन वर्षं

मंगळवार, दिवेलागण

पंचेचाळीसच्या वरचा माणूस काय मेलेला असतो व्हय? जुनी फौंड्री बंद पडली म्हणून माझा संजू आज नव्या फौंड्रीत काम मागायला गेलता. तिथं हापिसातल्या पोरीनं शाळेचा दाखला बघितला आणि म्हणाली, "काका, सत्तेचाळीस जास्त होतंय की."

खरं तर तो पंचेचाळीसचाच हाय. शाळेत घालताना मीच गुरुजींना दोन वर्षं वाढवून सांगितली. मला रानात तण काढायला, भांगलणीला जायचं होतं, पोरगं कुणाकडं ठेवू? आता ती दोन वर्षं कोण काढणार? गुरुजी कधीच वारले.

संजूनं चहाला हात लावला न्हाय. "आई, माझं वय कुणी वाढवलं?" एवढंच म्हणाला. मी भाजी निवडत बसले. हे माझ्याकडं बघत बसले.

उद्या तो परत विचारील. उत्तर मीच देणार. ह्यांनी मधे तोंड घालायचं न्हाय.