बारा-तेराचा वेस्ट जर्मन पाना

प्रिय बाबा,

नाही, आधी तुम्ही ऐका. दरवेळी तुम्ही बोलायचात आणि मी हातात चहाचा कप घेऊन उभी राहायचे. आज मी बोलणार. तुम्हाला माहीत होतं. हरवलेला पाना कुठे आहे हे तुम्हाला पक्कं माहीत होतं, आणि तरी गोपकाकांना चोर ठरवून तुम्ही गप्प बसलात. ही काय पद्धत झाली?

तुम्ही गेलात तेव्हा सगळे मला म्हणत होते, तू लिहितेस ना, मग वडिलांवर काहीतरी लिही. मला एक ओळ सुचली नाही. वाटलं, जाऊ दे, नाहीतरी माझी एकही गोष्ट तुम्ही शेवटपर्यंत वाचली नव्हती. दोन पानं वाचून कागद परत द्यायचात आणि म्हणायचात, तनू, नट ढिला आहे कुठेतरी. पण काल आपल्या सोसायटीच्या पंपरूममध्ये उभी होते आणि एकदम सुचायला लागलं. रागाने सुचलं.

तुमचं ते कपाट अजून हॉलमध्येच आहे. लोकांच्या घरी त्या जागी टीव्ही असतो, शोकेस असते, नाहीतर देवघर. आपल्याकडे लोखंडी कपाट. आत प्लायवूड, प्लायवूडवर प्रत्येक हत्याराची पांढऱ्या ऑइलपेंटने काढलेली आकृती, आणि त्या आकृतीवर टांगलेलं ते हत्यार. सगळी जर्मन. रिंग पाने, फिक्स पाने, रॅचेट, त्याला लावायच्या नटाच्या मापाच्या गोट्या, पकडी, लाकडी मुठीचे स्क्रू ड्रायव्हर. आईने दिवाळीत फराळाच्या डब्यांसाठी एक फळी मागितली होती, तर तुम्ही तिच्याकडे असं बघितलंत जशी काय तिने किडनी मागितली.

आकृत्या काढायची सवय तुम्ही अंबरनाथच्या कंपनीतून आणलीत. मेंटेनन्सला असताना तिथे बोर्ड असाच होता. शिफ्ट संपली की बोर्डकडे बघायचं, कुठली आकृती रिकामी असेल तर कुणी घरी जायचं नाही. कारण पाना मशीनमध्ये राहिला तर मशीन चालू केल्यावर काय होतं, हे तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलंय की मला स्वप्नात यायचं. फिटरने मशीनमध्ये हत्यार विसरणं म्हणजे डॉक्टरने पोटात कैची विसरणं, असं म्हणायचात. आणि असं विसरणाऱ्या माणसाबद्दल तुम्ही जे शब्द वापरायचात ते मी इथे लिहीत नाही, आई वाचेल.

आणि एवढं सगळं जमवून वापरायचात का? छे. घरातला नळ, कुकरचं हँडल, स्कूटरची चेन, सगळं उल्हासनगरच्या बाजारातल्या साध्या पान्याने. जर्मन फक्त बघायला. रविवारी आंघोळ झाली की तुम्ही दोन्ही घेऊन बसायचात, एका हातात बाजारचा, एका हातात जर्मन. बघ, हा चकाकतो. हा चकाकत नाही. चकाकतो तो दाखवायला, नाही चकाकत तो कामाला. हा नटच्या कोपऱ्याला धरतो म्हणून कोपरा खातो, हा बाजूंना धरतो म्हणून नट वाचतो. मग दोन्हीकडचे रॅचेट एकेक करून माझ्या कानाला लावायचात. ऐक. मी ऐकायचे. टिक टिक टिक. मला दोन्ही सारखेच वाटायचे, बाबा. आज सांगते. तुम्ही दुखावाल म्हणून हो म्हणायचे.

या वेडात तुमच्या बरोबरीचा एकच माणूस होता. गोपकाका. उल्हासनगरात जुन्या हत्यारांचं दुकान, बंद पडलेल्या कंपन्यांचा माल उचलायचे. पोती उपसताना जर्मन तुकडा हाताला लागला की बाजूला ठेवायचे आणि तुम्हाला फोन. साईं, तेरी लड़की के लिए रिश्ता आया है. म्हणजे पाना आलाय. मी लहान असताना हे ऐकून खरंच घाबरायचे.

बारा-तेराचा तो रिंग पाना त्यांनीच आणून दिला होता. एका टोकाला बारा, दुसऱ्या टोकाला तेरा, आणि मधल्या दांड्यावर ठसा, वेस्ट जर्मनी. तो देशच आता नाही, म्हणून तुम्हाला तो पाना सगळ्यात लाडका. देश गेला पण पाना राहिला, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचात. गॅसवाल्यालासुद्धा ऐकवलंत. तो बिचारा सिलिंडर खांद्यावर घेऊन उभा.

मग तो रविवार. गोपकाका आले, चहा झाला, कपाट उघडलं, दोघांनी एकेक हत्यार हातात घेऊन तोच जुना वाद घातला. ते गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बारा-तेराची आकृती रिकामी. तुम्ही घर उलटं केलंत. गव्हाचा डबा ओतून बघितलात. माझी बॅग तपासलीत. आणि मग फोन लावलात. मी तिथेच होते, म्हणून मला तुमचं वाक्य जसंच्या तसं आठवतं.

"गोप, काल तू गेलास आणि बारा-तेरा दिसत नाही."

एवढंच. पण असं बोललात की समोरच्याला सगळं कळावं. फोनमधून त्यांचा आवाज मलाही ऐकू आला. "अरे साईं, वो तो मैंने ही लाके दिया था तेरे को." तुम्ही म्हणालात, तेच म्हणतोय. आणि फोन ठेवलात. तेच म्हणतोय म्हणजे काय, बाबा? किती वर्षांची दोस्ती, आणि दोन शब्दांत कापून टाकलीत.

आणि तो माणूस बघा. स्वतः घेतलेला नसताना, केवळ तुमच्या कपाटातली जागा रिकामी राहू नये म्हणून, कुठून कुठून शोधून बारा-तेराचा दुसरा जर्मन पाना घेऊन आला. वर्तमानपत्रात गुंडाळून. दोन्ही हातांनी दिला. तुम्ही भिंग काढलंत. भिंग! आणि ठसा वाचलात. नुसतं जर्मनी. वेस्ट नाही. तुम्ही पाना टेबलावर ठेवलात आणि म्हणालात, "घेतला नव्हतास, तर भरून कशाला देतोस?"

गोपकाका उठले. चहा आला होता, त्याला हात लावला नाही. चपला घालताना त्यांना तोल सांभाळायला भिंत धरावी लागली. मी दार धरून उभी होते. त्यानंतर आपल्या घरात त्यांचा फोन वाजला नाही.

तुम्ही काय केलंत? त्यांचा पाना आकृतीवर टांगलासुद्धा नाहीत. स्वयंपाकघरातल्या खणात टाकलात. आई त्याने सुंठ ठेचते. आमचा सुंठेचा चहा इंपोर्टेड आहे.

तुम्ही गेलात त्या दिवशी गोपकाका आले होते, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. इथे बदलापूरपर्यंत आले आणि बिल्डिंगच्या गेटपाशी उभे राहिले. आईने मला खाली पाठवलं, म्हणाली, वर घेऊन ये. ते म्हणाले, "नहीं बेटा. ऊपर आया तो वो लेटे-लेटे पाने गिनेगा."

म्हणाले आणि हसले, आणि मग गेटचा दांडा धरून रडले. मला कळेना, मी काय करू. तुमच्या मित्राला तुमच्यासाठी आत येऊन रडतासुद्धा आलं नाही. उन्हात, वॉचमनच्या खुर्चीशेजारी उभं राहून रडले.

आता पंपरूमचं सांगते. परवा मोटार बंद पडली. पंपरूमची चावी इतकी वर्षं तुमच्याकडे. कमिटी बदलली, सेक्रेटरी बदलले, चावी हलली नाही, कारण आपल्या सोसायटीच्या मोटारला तुमच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही असा तुमचाच कायदा. काल सेक्रेटरी प्लंबरला घेऊन दारात आले, मी चावी शोधून खाली गेले. प्लंबर मोटार खोलत होता, त्याने मला टॉर्च धरायला सांगितली. टॉर्च फिरवताना मागच्या भिंतीतला कोनाडा दिसला. कोनाड्यात एक गुंडाळी.

तुमचं बनियन, बाबा. फाडून केलेला पट्टा, त्यावर सुतळीची ती तुमची गाठ, जी कात्रीशिवाय सुटत नाही. मी दाताने सोडवली. आत बारा-तेरा. वेस्ट जर्मनी.

आधी मला वाटलं, सापडला, बरं झालं. मग मी हात बघितला. हाताला तेल लागलं होतं. कोरडं, चिकट, जुनं तेल नाही. पातळ, स्वच्छ. आणि बनियनच्या आतल्या बाजूला कुंकू. डागावर डाग, जुना तपकिरी, त्याच्यावर लाल, त्याच्यावर आणखी लाल.

दसऱ्याला तुम्ही कपाटातल्या हत्यारांची पूजा करायचात, झेंडूची फुलं, हळद-कुंकू, पेढा. आणि मग ताटली घेऊन खाली जायचात, मोटारला हार घालून येतो म्हणून. आम्ही हसायचो. मोटारला एवढा वेळ कशाला लागतो, असं आई म्हणायची. आता कळलं कशाला लागायचा.

वर येऊन मी आईसमोर पाना ठेवला. ती भाजी निवडत होती. तिने पान्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि परत भाजी निवडायला लागली. म्हणाली, त्या रविवारी गोप गेल्यावर पाणी गेलं होतं. पंप गळत होता, मी ओरडत होते, खालून लोक ओरडत होते. बाजारचा पाना नटवरून सटकला, नटचे कोपरे गेले. मग हे वर आले, कपाट उघडलं आणि काहीतरी घेऊन परत खाली गेले. मी विचारलं नाही.

म्हणजे आयुष्यात एकदाच तुम्ही जर्मन पाना कामाला लावलात. नट वाचला, पाणी आलं, आणि पाना तिथेच राहिला. मशीनमध्ये. तुमचा. मला एवढं सगळं समजतं, खरंच. तुम्ही विसरलात, दुसऱ्या दिवशी खरंच हरवला असं वाटलं, फोन लावलात. मग कधीतरी मोटार खोलली आणि तो समोर पडलेला. आणि तुमच्या तोंडून निघेना की मेंटेनन्सचा एवढा मोठा माणूस हत्यार मशीनमध्ये विसरला. हे समजतं. पण मग त्याला पुसून, तेल लावून, कुंकू लावून परत कोनाड्यात ठेवणं? दरवर्षी? पान्याला गंज चढू नये म्हणून एवढी काळजी, आणि गोपकाकांना एक फोन नाही? तेल लावलंत तसा फोन लावायचा, बाबा. किती सोपं होतं.

आई म्हणाली, जिथून आणलास तिथे ठेव. गेलेल्या माणसाला उघडं पाडायचं नसतं. मी म्हटलं, आणि जिवंत माणूस चोर म्हणून फिरतोय त्याचं काय? ती म्हणाली, तुझे बाबा आता उत्तर द्यायला नाहीत. मी म्हटलं, होते तेव्हा तरी कुठे दिलं?

त्यावरून काल आमचं कडाक्याचं वाजलं. आज सकाळपासून ती माझ्याशी बोलत नाहीये. भांडी जोरात ठेवतेय.

पण थांबायला वेळ नाही. गोपकाकांनी दुकान बंद केलंय. आज दुपारी मुलाकडे इंदूरला चाललेत, कायमचे. हे मला त्यांच्या शेजारच्या दुकानदाराने फोनवर सांगितलं. आज मी नाही गेले तर तो माणूस तुमचा चोर म्हणूनच इथून जाणार. आणि तुम्हाला उघडं न पाडता हे सांगायचा काही मार्ग असेल तर मला तो सापडला नाही. रात्रभर शोधला. पलंगाखाली पडला होता म्हणू? काल रात्री आई म्हणाली, तसंच सांग. गोपकाका भोळे असतील, पण ताजं तेल त्यांना हाताला लागल्याबरोबर कळेल. आणि मला त्यांच्याशी खोटं बोलायचं नाही. आपल्या घरातून त्यांच्याशी पुरेसं खोटं वागून झालंय.

तर ऐका, मी काय करणार ते. पाना बनियनसकट नेणार. पुसणार नाही, कुंकूही तसंच. त्यांच्या हातात देणार आणि सांगणार, बाबांना माहीत होतं, लाज वाटली म्हणून बोलले नाहीत. एवढंच. तुमची बाजू मांडणार नाही, ती तुमची तुम्ही बनियनमध्ये बांधून ठेवलीच आहे. ते चिडले तर ऐकून घेईन. त्यांनी पाना तोंडावर फेकला तर उचलीन आणि परत देईन. तो आता त्यांचा. इंदूरला जाऊ दे.

आणि त्यांनी आणलेला मी सुंठेच्या खणातून काढला, घासला, आणि तुमच्या कपाटात बारा-तेराच्या आकृतीवर टांगला. बसत नाही नीट. जरासा लांब आहे, दोन्ही टोकं पांढऱ्या रेषेच्या बाहेर येतात. येऊ देत. तुम्हाला दिसेल तिथून, आणि खुपेल. मी तो काढणार नाही, आकृतीही बदलणार नाही, आणि कपाट कुणाला विकणारही नाही. हा माझा शब्द. दर दसऱ्याला पहिलं कुंकू त्या पान्याला लागेल. ठसा नुसतं जर्मनी असला तरी.

स्कूटरची चावी घेतलीय. अंबरनाथला सिग्नलपाशी खोदून ठेवलंय म्हणे, लवकर निघायला हवं. आई स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणतेय, पहिल्यांदाच सकाळपासून. ऐकायला थांबले तर इथेच बसेन. तुम्हीही काही म्हणू नका आता.

निघाले.

तुमची,
तनू